गल्ल्याचा कप्पा रात्रीतून कुणी हलवला?

शिंप्याच्या दुकानात घटकाभर बसले की एक गोष्ट ध्यानात येते. मास्तर गिऱ्हाइकाशी बोलत असतात, नजर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर असते आणि हात मात्र न पाहता कात्रीकडे जातो. कात्री कोठे ठेवली आहे, हे मास्तरांना आठवावे लागत नाही. कलईवाल्याची सांडशी, सुताराचा रंधा, बुक बाईंडरची टोचणी यांचेही तसेच असते. अवजाराची ही ठरलेली जागा म्हणजे कारागिराच्या भांडवलाचाच एक भाग होय. ती कोणत्याही खतावणीत लिहिलेली नसते, एवढाच फरक.

आज आम्हाला याच भांडवलाविषयी लिहायचे आहे. अवजार मात्र लोखंडाचे नाही.

आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधवांची आता स्वतःची वेबसाइट आहे. कुणी अत्तराची, कुणी लग्नपत्रिकांची, कुणी पॉवरलूमच्या कापडाची, कुणी हज-उमराच्या प्रवासाची. या वेबसाइटीत मजकूर घालण्यासाठी, भाव बदलण्यासाठी, फोटो लावण्यासाठी जी लिहिण्याची चौकट पडद्यावर उघडते तिला एडिटर म्हणतात. (वर्तमानपत्राच्या संपादकाशी तिचा संबंध नाही. ती बिचारी मजकूर परत पाठवीत नाही.) लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने सारी वेबसाइट म्हणजे ही एक चौकट. तिच्यामागे काय यंत्र चालते हे त्याला ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही.

आमच्या परिचयाचे एक अत्तरवाले आहेत. मूळचे महाडचे, दुकान मुंबईत मोहम्मद अली रोडच्या एका गल्लीत. वय साठीच्या पुढे. वेबसाइट त्यांनी एका तरुणाकडून करवून घेतली आणि नेटाने शिकून घेतले की भाव कसे बदलायचे. एका वहीत त्यांनी पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. पान उघडायचे, पांढऱ्या चौकटीत अत्तराचे नाव शोधायचे, त्याखालचा जुना भाव खोडून नवा लिहायचा, उजव्या बाजूचे निळे बटण दाबायचे. सहा वर्षे हे सुरळीत चालले. शेवटी शेवटी वहीही लागेनाशी झाली.

२०१९ साली रमजान मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. अत्तराच्या धंद्यात या महिन्याचे महत्त्व वाचकांना सांगायला नको. रमजानच्या चारच दिवस आधी त्यांनी भाव बदलायला पान उघडले, तर पांढरी चौकट नव्हती. वरच्या बटणांची ओळ नव्हती. सारा मजकूर एका अनोळखी खोक्यात बसला होता आणि त्याचे ‘ब्लॉक’ करून घ्यावेत, असे एक बटण सुचवीत होते. त्यांनी ते दाबले. नाव एका ओळीत आणि भाव त्याखालच्या ओळीत अशी त्यांची यादी होती. प्रत्येक ओळीचा सुटा तुकडा झाला. एक नवे अत्तर वर घेण्यासाठी त्यांनी तुकडे बाणाने वर-खाली सरकवले आणि भाव एका घराने खाली घसरले. गुलाबाचा भाव ऊदच्या खाली जाऊन बसला. दोन दिवस ही यादी तशीच राहिली. त्या भावाने ऊद मागणारे फोन येऊ लागले, तेव्हा घोटाळा उघडकीस आला. ज्यांनी त्या दोन दिवसांत मागणी नोंदवली होती त्यांना त्यांनी छापलेल्या भावानेच माल दिला. लिहून दिले आहे तर द्यावे लागेल, एवढेच त्यांचे म्हणणे.

वेबसाइट करणाऱ्या तरुणाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “अंकल, अपडेट आलं होतं, मी करून टाकलं. सगळ्यांचंच झालंय.” अत्तरवाले आमच्याजवळ म्हणाले, “भाईसाहेब, दुकान माझं, गल्ला माझा. मग गल्ल्याचा कप्पा रात्रीतून कुणी हलवला? आणि हलवला तर सकाळी सांगायचं तरी!”

त्या तरुणाचे एक वाक्य खरे होते. सगळ्यांचेच झाले होते. वर्डप्रेस नावाची जी प्रणाली आहे, तिच्यावर तेव्हा जगातील जवळजवळ एक तृतीयांश वेबसाइटी चालत होत्या आणि आज चाळीस टक्क्यांहून अधिक चालतात. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती सुरू केली. ती फुकट मिळते. तिच्यातील जुना एडिटर दिसायला वर्डसारखा होता. एक मोठी कोरी चौकट, वर ठळक-तिरपे करण्याची बटणे, बस्स. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या कुणालाही तो एका दुपारी समजे.

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली आणि या चौकटीच्या जागी नवा एडिटर बसला. त्याचे नाव गुटेनबर्ग. जर्मनीतील माइन्झ शहरात पंधराव्या शतकाच्या मध्यावर धातूचे सुटे खिळे जुळवून बायबल छापणारा तो हाच. नाव ठेवणाऱ्यांनी बहुधा छपाईच्या क्रांतीचा विचार केला असावा. खिळे आल्यावर हाताने नकला करणाऱ्यांचे काय झाले, हा विचार नाव ठेवताना कुणाच्या मनात आला होता की नाही, कोण जाणे.

नव्या एडिटरची कल्पना समजावून घेतली पाहिजे, कारण ती मूर्खपणाची नाही. यात पानाचा प्रत्येक भाग म्हणजे सुटा ठोकळा. परिच्छेद हा एक ठोकळा, फोटो दुसरा, मथळा तिसरा, तक्ता चौथा. ठोकळे उचलून कोठेही ठेवावेत, शेजारी शेजारी लावावेत, प्रत्येकाला वेगळा रंग द्यावा. पूर्वी दोन फोटो शेजारी लावायचे तर वेबवाल्याला पैसे द्यावे लागत. आता ते घरच्या घरी होते. ज्याला पान सजवायचे आहे, त्याचा यात निश्चित लाभ आहे.

पण ज्याला पान सजवायचे नसून लिहायचे आहे, त्याचे काय? तक्रारींचा जो पूर आला तो मुख्यतः या माणसाचा होता. एन्टर दाबला की नवा ठोकळा. बटणांची पट्टी ठोकळ्यावर गेल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसली की वरची ओळ झाकते. एका परिच्छेदाचा उत्तरार्ध आणि दुसऱ्याचा पूर्वार्ध एकत्र निवडून खोडणे ही लिहिणाऱ्याची रोजची क्रिया आहे. नव्या एडिटरात ती करू गेले तर अख्खे दोन्ही ठोकळे निवडले जात. ही साधी सोय मे २०२२ मध्ये ६.० आवृत्तीत आली, म्हणजे साडेतीन वर्षांनी! मध्यंतरी मार्च २०२० च्या ५.४ आवृत्तीत एडिटर आपोआप पडदाभर उघडू लागला आणि डाव्या हाताची नेहमीची यादी गायब झाली. ती परत आणण्याची सोय होती, पण ती शोधायची वापरणाऱ्याने.

वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्यांची आणखी एक गंमत झाली. वू-कॉमर्स ही जी दुकानाची जोडणी आहे, तिच्यात मालाचे पान जुन्याच एडिटरात उघडत राहिले आणि बाकीची पाने नव्यात. एकाच दुकानात पुढच्या गल्ल्यावर एक तराजू आणि मागच्या गल्ल्यावर दुसरा, असा तो प्रकार. नोकराला शिकवायचे तर दोन्ही शिकवा.

आणि वेळ कोणती निवडली? आधी १९ नोव्हेंबर ठरली, मग २७ नोव्हेंबर, तीही टळली. कामाच्या जाणकारांपैकी अनेकांनी उघड विनंती केली की आता जानेवारीतच आणा. नाताळाआधीचे आठवडे म्हणजे पाश्चात्त्य देशांतील दुकानदारांचा ऐन हंगाम असतो. तरीही दोन-चार दिवसांच्या सूचनेने ६ डिसेंबर जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे वर्डप्रेसवाल्यांचा वार्षिक मेळावा भरायचा होता. हा योगायोग होता की नाही, यावर आम्ही बोलणार नाही. पण रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानाची मांडणी बदलणारा अत्तरवाला आम्ही अजून पाहिलेला नाही.

आमच्या मते सर्वात गंभीर तक्रार ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांची होती. अंध माणूस संगणक वापरतो तो पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या आधाराने आणि केवळ कीबोर्डवर. जुन्या एडिटरात त्याला वाट सापडत असे. नव्यात ठोकळे, तरंगत्या पट्ट्या आणि बाजूच्या खिडक्या यांत ती हरवू लागली. वर्डप्रेसमध्येच हे काम पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख रियन रिटफेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे नवा एडिटर येण्याआधीच, पद सोडले. पुढे विद्यापीठांमधून वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या डब्ल्यूपी-कॅम्पस या संघटनेने वर्गणी गोळा करून त्रयस्थाकडून तपासणी करवून घेतली. तिचा अहवाल मे २०१९ मध्ये आला आणि उणिवांची मोठी यादी पुढे ठेवून गेला. त्यांतील बऱ्याच नंतर दुरुस्त झाल्या. पण माल बाजारात आल्यावर वजनाची तपासणी व्हावी, तीही गिऱ्हाइकांच्या वर्गणीतून, हे कोणत्या धंद्यात चालते?

यावर दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत.

पहिले असे की, वस्तू फुकटची, मग गाऱ्हाणे कसले? दिलेल्या देगेतील मीठ कमी आहे म्हणून तक्रार करू नये, हे आम्हालाही पटते. परंतु वर्डप्रेस ही कुणा एकाची खैरात नव्हे. हजारो लोकांनी तिच्यात विनामोबदला काम केले आहे, भाषांतरे केली आहेत, मराठी भाषांतरही अशाच लोकांनी केले आहे. आणि पैसे न देणाऱ्या दुकानदारानेही काही दिलेलेच आहे. त्याने शिकण्याचे दिवस दिले. अत्तरवाल्यांच्या वहीतील पायऱ्या हीच ती किंमत. एका रात्रीत ती बुडाली आणि कुणाच्याही हिशेबात ती आली नाही.

दुसरे उत्तर असे की, बदल झाला की माणसे ओरडतातच, नंतर निवळतात. या उत्तराविषयी आपल्या वाचकांना आमच्याहून जास्त अनुभव आहे. उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत कातिबांची रांग बसत असे, हे अनेकांनी पाहिले आहे. मिस्तर, दौत, कलम आणि गुडघ्यावर पाटी. १९९४ मध्ये इनपेज आले आणि नस्तालीक संगणकावर सुबक उमटू लागले, तशी ती रांग विरळ होत गेली. जे कातिब संगणकाकडे वळले ते तगले, वळू न शकलेले घरी बसले. मराठी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचेही तेच झाले. आणि पुढे ज्यांनी श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टांत वर्षानुवर्षे मजकूर साठवला, त्यांना युनिकोड आल्यावर कपाळाला हात लावावा लागला, कारण जुना मजकूर नव्या जागी चिकटवला की नुसती अक्षरांची खिचडी. तरीही युनिकोडला आज कुणी शिव्या देत नाही. मराठी मजकूर कुणाच्याही मोबाइलवर वाचता येतो, शोधता येतो, हा लाभ त्रासापेक्षा कितीतरी मोठा ठरला.

मग गुटेनबर्गलाच दोष का द्यावा? आम्ही नवेपणाला दोष देत नाही. युनिकोड आले तेव्हा श्रीलिपी कुणी रातोरात काढून नेली नाही. ज्याला जमेल तो वळला, छापखाने तर कित्येक वर्षे दोन्ही वापरत राहिले. कारागिराचा हात वळायला अवधी लागतो, तो अवधी मिळाला. कातिबांना तो पुरेसा मिळाला नाही, आणि त्याचा सल अजून अनेक घरांत आहे. प्रश्न अवधीचा आणि विचारण्याचा आहे. नव्या एडिटरची चाचणी आवृत्ती जून २०१७ मध्ये पॅरिसच्या मेळाव्यात दाखवली गेली होती, म्हणजे दीड वर्ष हाती होते. ऑगस्ट २०१८ मध्ये वापरणाऱ्यांना तो चालवून पाहण्याचे निमंत्रणही पडद्यावर आले. अभिप्राय आले, आणि पाच ताऱ्यांपैकी सरासरी दोनच्या आसपास घोटाळत राहिले. एवढे गिऱ्हाईक नापसंती दाखवीत असता ठरलेला बेत तडीस नेला गेला, हे आम्हाला खटकते.

तक्रारी अगदीच वाया गेल्या असेही नाही. जुना एडिटर परत आणणारी ‘क्लासिक एडिटर’ ही पुरवणी वर्डप्रेसने स्वतःच दिली. प्रथम सांगितले की २०२१ अखेरपर्यंत सांभाळू. पुढे मुदत वाढली, आणि गरज असेल तोवर सांभाळू, अशी भाषा आली. पन्नास लाखांहून अधिक वेबसाइटींनी ती बसवून घेतली. तारे विचाराल तर तिला जवळजवळ पाचपैकी पाच! काही जण याहून पुढे गेले. वर्डप्रेसचा परवानाच असा आहे की मूळ प्रत घेऊन कुणालाही वेगळी चूल मांडता येते. २०१८ मध्येच क्लासिकप्रेस नावाची अशी चूल मांडली गेली आणि ती अजून पेटती आहे. विकत घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत हा हक्क मिळत नाही, हे वर्डप्रेसच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आता आपल्या व्यापारी बांधवांशी थोडे कामाचे बोलू.

अत्तरवाल्यांच्या नुकसानीत नव्या एडिटरचा वाटा लहान होता. मोठा वाटा न विचारता अपडेट करणाऱ्या तरुणाचा, आणि थोडा स्वतः अत्तरवाल्यांचा. त्यांच्या वेबसाइटीची मुख्य किल्ली त्या तरुणाकडेच होती. दुकानाची किल्ली आपण नोकराला देतो, पण दुसरी आपल्या कमरेला असते. वेबसाइटीच्या बाबतीत आपल्यातील कितीतरी जणांकडे ती दुसरी किल्ली नसते. नाव कुणाच्या खात्यावर नोंदलेले आहे, मुख्य पासवर्ड कुणाजवळ आहे, प्रत कोठे ठेवलेली आहे, हे आजच विचारून घ्यावे. करारात, करार नसेल तर निदान चिठ्ठीवर, एवढे लिहून घ्यावे की मोठे अपडेट करण्याआधी आठ दिवस कळवायचे, हंगामात करायचे नाही, आणि करण्याआधी संपूर्ण प्रत काढून ठेवायची. चांगल्या वेबवाल्याला यात काही वावगे वाटणार नाही. तो आधी वेगळ्या प्रतीवर करून पाहतो आणि मगच मूळ दुकानाला हात लावतो.

आणखी एक गोष्ट, जी त्या तरुणाने सांगितली असती तर गुलाब आणि ऊदची अदलाबदल दोन मिनिटांत निस्तरली असती. वर्डप्रेस प्रत्येक पानाच्या जुन्या नकला आपोआप जपून ठेवते. त्यांना रिव्हिजन म्हणतात. जुन्या एडिटरात त्या होत्या, नव्यातही आहेत. हवी त्या तारखेची नक्कल उघडावी आणि परत आणण्याचे बटण दाबावे, पान होते तसे होते. अत्तरवाल्यांनी सारी रात्र जागून यादी पुन्हा हाताने लिहून काढली.

ज्यांच्या वेबसाइटीवर मजकूर थोडा आणि बदल फक्त भावाचा, त्यांनी घाई न करता क्लासिक एडिटर बसवून काम चालू ठेवावे. ज्यांना नवी पाने सजवायची आहेत त्यांनी नवा एडिटर जरूर शिकावा, आता तो २०१८ पेक्षा बराच बरा झाला आहे. शिकताना मात्र खऱ्या पानावर हात चालवू नये. एक कोरे पान उघडून, ते प्रसिद्ध न करता, त्यावर आठवडाभर गिरवावे.

अत्तरवाल्यांकडे आम्ही मध्यंतरी गेलो होतो. आता मुख्य किल्ली त्यांच्याजवळ आहे. क्लासिक एडिटर बसवला आहे, आणि त्यातील सेटिंगमध्ये प्रत्येकाला आपापला एडिटर निवडण्याची मुभा देणारी खूण करून ठेवली आहे. ईदच्या भेटपेट्यांचे रंगीत पान त्यांचा मुलगा नव्यात करतो, चांगले करतो. भावाची यादी अब्बा जुन्यात बदलतात. वहीही गल्ल्यातच आहे, फक्त तिच्यात शेवटी एक पायरी वाढली आहे: “बटण दाबल्यावर ऊदचा भाव पाहणे.”